औषध दिलं का?

नाही, पण तुम्हीच सांगा, ‘औषध दिलं का?’ या तीन शब्दांत अपमान कुठे आहे? मी ते उलटसुलट करून पाहिले. दिलं का औषध? का, दिलं औषध? कुठूनही वाचा, आत शिवी सापडत नाही. पण आमच्या घरात मी हे तीन शब्द उच्चारले आणि दोन बायका दोन खोल्यांत जाऊन बसल्या, एक डोळ्याला रुमाल लावून आणि दुसरी पलंगाखालची बॅग बाहेर ओढून. साधा प्रश्न होता हो. अगदी साधा प्रश्न.

सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्हालाही वाटेल की हाच काहीतरी वाकडं बोलला असणार. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांना खुर्चीत बसवतो, त्यांच्या नाकावर ती जड तपासायची फ्रेम चढवतो, एकेक काच बदलतो आणि विचारतो, ‘आता बरं दिसतं की मघाशी?’ ते म्हणतात, ‘दोन्ही सारखंच.’ मी काच बदलतो, पुन्हा विचारतो, ते म्हणतात, ‘मघाचंच बरं होतं, पण आधीचं मघाचं, आत्ताचं मघाचं नाही.’ तरी मी चिडत नाही, पुन्हा विचारतो. म्हणजे साधे प्रश्न विचारणं हाच माझा धंदा आहे, आणि आजवर एकही गिऱ्हाईक ‘मला दिसत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?’ असं म्हणून रडत उठून गेलेलं नाही. घरचं गिऱ्हाईक वेगळं असतं, हे मला कळायला हवं होतं.

तर झालं काय, की बायको गेली होती कामाला. ती जमिनीची मोजणी करते. ते तीन पायांचं यंत्र, खुंट्या, साखळ्या घेऊन अशा ठिकाणी जाते की तिथे फोनला रेंज मिळवायला टेकडीवर चढावं लागतं. घरात मी, आमची चार वर्षांची भिंगरी आणि माझी आई. भिंगरी हे तिचं खरं नाव नाही, पण ती एका जागी थांबत नाही म्हणून सगळे तेच म्हणतात. आणि मग सासूबाई आल्या मदतीला. त्या म्हणाल्या, ‘विहीणबाईंना एकट्यांना फार पडेल.’ माझ्या आईने त्याचा अर्थ लावला, ‘एकटीला जमणार नाही.’ झालं, तिथून सुरू.

आता तुम्ही म्हणाल, भांडतात का दोघी? छे. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. या दोघी एकमेकींशी इतक्या गोड वागतात की बघणाऱ्याचे दात दुखावेत. ‘तुम्ही बसा, मी करते चहा.’ ‘नाही नाही, तुम्ही पाहुण्या, तुम्ही बसा.’ ‘पाहुणी कसली, घरचीच की.’ असं करत दोघी उभ्या राहतात, दूध उतू जातं आणि चहा मी करतो. त्यात मी दोघींनाही ‘आई’ म्हणतो. हाक मारली की एकतर दोघी येतात, नाहीतर ‘त्यांना मारली असेल’ म्हणून एकही येत नाही. भिंगरीने हे बरोबर सोडवलंय, एक इकडची आजी, एक तिकडची आजी. चार वर्षांच्या पोरीला जमलं, मला नाही जमलं.

शनिवारी सकाळी भिंगरी उठली तीच मलूल. रोज उठल्या उठल्या गरगर फिरणारी पोर माझ्या मांडीवर येऊन गप्प पडून राहिली. अंग तापलेलं. इकडच्या आजीने कपाळाला हात लावला, ‘चांगलाच आहे ताप.’ तिकडच्या आजीने मानेला हात लावला, ‘एवढा काही नाही, कणकण आहे.’ ‘माझ्या हाताला कळतं.’ ‘माझ्याही कळतं की.’ मी थर्मामीटर आणला तर दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही मी घरात साक्षीदार फोडून आणलाय. ताप होता. बऱ्यापैकी होता, आणि पोर कण्हत होती.

डॉक्टरबाईंना फोन केला. या बाई लहान मुलांच्या डॉक्टर, बोलणं मोजकं, म्हणजे आमच्या घराच्या अगदी उलट. त्यांनी खोकला, उलटी, लघवी, पाणी पिते का, सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, ‘वजन किती?’

मी म्हटलं, ‘चार वर्षांची आहे.’

‘वय नाही विचारलं. वजन. हे औषध वजनावर द्यायचं असतं.’

‘असेल पंधरा-सोळा... अंदाजे.’

‘अंदाजे नको. मोजा आणि सांगा, मी थांबते.’

आता तापलेलं मूल वजनाच्या काट्यावर उभं राहतं का? नाही राहत. मग मी तिला कडेवर घेऊन उभा राहिलो, मग तिला खाली ठेवून एकटा उभा राहिलो आणि वजाबाकी करायला लागलो. तेवढ्यात आई म्हणते, ‘केवढा वाळलास तू,’ आणि सासूबाई म्हणतात, ‘वाळलेत कुठे, आकडा बघा ना.’ मी वजाबाकी चुकलो. पुन्हा कडेवर, पुन्हा खाली. पोर म्हणाली, ‘बाबा, आता तू मला घे आणि मी तुला घेते.’ शेवटी साडेपंधरा निघालं. डॉक्टरबाईंनी त्यावरून मात्रा सांगितली, बाटलीवर औषध किती तीव्रतेचं लिहिलंय ते मला वाचायला लावलं आणि एका दमात म्हणाल्या, ‘बाटलीबरोबर आलेल्या पिचकारीनेच मोजायचं, घरातल्या चमच्याने नाही. दोन मात्रांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्यायचे, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आकडा खाली आणण्यासाठी देऊ नका, मुलाला त्रास होत असेल तर द्या. ताप असून खेळत असेल तर खेळू द्या. आणि दुसरं कुठलंही औषध मला विचारल्याशिवाय नाही.’

मी दिलं. पिचकारीने, रेघेपर्यंत, डोळ्यासमोर धरून. धंद्याची सवय आहे, रेघ बघायची. मग दोघींना समोर उभं केलं आणि सांगितलं, ‘मी तापाचं औषध दिलंय. आता मी दुपारी येईपर्यंत काही द्यायचं नाही. पाणी पाजा, हलके कपडे घाला, झोपली तर झोपू द्या.’ दोघींनी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं या वेगवेगळ्या इंद्रियांच्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी समजलं.

दुकानात गेलो, कारण एका निवृत्त मास्तरांचा चष्मा तयार होता आणि ते सकाळपासून दारात उभे होते. त्यांना चष्मा लावला, तर म्हणाले, जवळचं दिसतं, लांबचं दिसतं, मधलं दिसत नाही. मी म्हटलं, मधलं म्हणजे काय? म्हणाले, ‘बायको.’ ते मधलं जुळवण्यात माझी दुपार गेली. मधे घरी फोन केला, कोणी उचलला नाही. आईला वाटलं सासूबाई उचलतील, सासूबाईंना वाटलं... जाऊ द्या.

घरी आलो तर घर शांत. भिंगरी गादीवर पडलेली, कपाळ घामाने ओलं, अंग थंडगार, अर्धवट झोपेत. मला बरं वाटलं. मग वाटलं, इतकी थंड? आणि मी विचारलं, सहज, बूट काढता काढता, ‘औषध दिलं का?’

साधा प्रश्न होता. हो किंवा नाही.

आई म्हणाली, ‘म्हणजे? तुला मी वाढवलं नाही? तुझा ताप मी उतरवला नाही? आज मला विचारतोस?’ मी म्हटलं, ‘आई, हो की नाही?’ तेवढ्यात आतून सासूबाई आल्या, ‘मला विचारताय का? नाही, माझ्यावर संशय असेल तर स्पष्ट सांगा. मी जाते.’ मी म्हटलं, ‘अहो आई, कुणावर संशय नाही, फक्त औषध...’ आणि इथे मी चूक केली, ‘अहो आई’ म्हणालो, तर माझ्या आईला वाटलं मी तिला अहोजाहो करून टोमणा मारला. मग ते रुमाल आणि बॅग प्रकरण झालं. आणि मी दारात, एक बूट पायात, एक हातात.

उत्तर दिलं ते भिंगरीने. डोळे न उघडता. म्हणाली, ‘बाबा, इकडच्या आजीने गुलाबी दिलं. तिकडच्या आजीने केशरी दिलं. सांगायचं नाही म्हणाल्या. केशरी गोड होतं. अजून दे ना.’

तुम्हाला सांगतो, हातातला बूट तसाच खाली पडला.

दोन्ही खोल्यांची दारं उघडली. आई आली. आवाज बदललेला. म्हणाली, ‘अरे, तू गेलास आणि तासाभरात ती कण्हायला लागली. तुझं औषध लागू पडलं नाही असं वाटलं. विहीणबाई आंघोळीला गेल्या होत्या. माझ्याकडे तुझ्या बहिणीच्या तान्ह्याचे तापाचे थेंब होते. तान्ह्या बाळाचं औषध म्हणजे हलकंच असणार ना. ही तर मोठी. म्हणून चमचाभर दिलं.’

‘कुठला चमचा?’

तिने दाखवला. जेवायचा. मोठा.

आता हे नीट ऐका, कारण मला ते माहीत नव्हतं आणि माझ्या आईलाही नव्हतं. तान्ह्या बाळाचे ते थेंब हलके नसतात. उलट जास्त तीव्र असतात. बाळ दोन घोट पीत नाही, म्हणून थोडक्या थेंबांत जास्त औषध घातलेलं असतं. म्हणजे मोठ्या मुलाचं औषध म्हणजे पातळ चहा आणि बाळाचं म्हणजे कोरा काढा. त्याचा चमचाभर.

सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘मी तापाचं नाहीच दिलं. तुम्ही तापाचं नको म्हणालात, मी ऐकलं. मी सर्दीचं दिलं. नाक वाहत होतं तिचं. विहीणबाई जरा पडल्या होत्या, म्हटलं त्यांना कशाला उठवायचं.’

मी ती केशरी बाटली घेतली. वर मोठ्या अक्षरांत सर्दी, खोकला, एक हसणारं मूल. खाली घटक, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. आणि मी, चष्मेवाला, दिवसभर लोकांना सगळ्यात खालची ओळ वाचायला लावणारा, खिशातलं भिंग काढून वाचायला लागलो. तिसऱ्या नंबरला तापाच्या औषधाचं नाव. मग गुलाबी बाटली. तेच नाव. मग माझी. तेच. तीन बाटल्या, तीन रंग, तीन चवी, आणि आत एकच माल. म्हणजे पोरीला एकच औषध तीनदा गेलं होतं, त्यातलं एकदा काढा करून, आणि तेही तिघांनी प्रेमाने.

डॉक्टरबाईंना फोन लावला. यावेळी त्यांनी वजन विचारलं नाही, त्यांना लक्षात होतं. म्हणाल्या, ‘मुलगी आणि तिन्ही बाटल्या घेऊन लगेच हॉस्पिटलला या. उलटी करवू नका, घरचे उपाय नकोत. निघा.’

आई म्हणाली, ‘पण बघ, ताप उतरलाय. छान झोपलीय.’

रिक्षात कोण किती वेळा रडलं ते सांगत नाही.

तातडीच्या विभागात डॉक्टरबाई आधीच आलेल्या. टेबलावर तीन बाटल्या मांडल्या. किती गेलं, कधी गेलं, हे काढायला बसलो. बाई आईला म्हणाल्या, ‘चमचा पूर्ण भरला होता?’ ‘भरला होता, पण तिने थुंकलं. निम्मं फ्रॉकवर सांडलं.’ बाई म्हणाल्या, ‘फ्रॉक कुठे आहे?’ सासूबाई म्हणाल्या, ‘मी धुतला.’ सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ‘मला वाटलं सरबत सांडलं, म्हणून धुतला. वाळत घातलाय.’ आईने विचारलं, ‘साबण लावून?’ आता साबणाचा काय संबंध?

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘सांडलं नाही असंच धरू या. जास्तीत जास्त किती गेलं असेल, त्यावर ठरवायचं. याचा परिणाम यकृतावर होतो, आणि तो लगेच दिसत नाही. मूल दिवसभर टवटवीत दिसेल, त्यावर जाऊ नका. थोडे तास गेले की रक्त तपासते, त्याआधी तपासून अर्थ लागत नाही. गरज पडली तर त्यावर उतारा आहे आपल्याकडे. वेळेत आलात.’

वेळेत आलात. हे दोन शब्द मी त्या बाकावर बसून कितीदा मनात म्हटले असतील. थोडे तास म्हणजे काय, हे घड्याळाला विचारू नका, बाकाला विचारा. भिंगरीला आता पूर्ण जाग आली होती, ती चाकाच्या खुर्चीत बसून ‘मला फिरव’ म्हणत होती आणि मी तिला त्या लांब कॉरिडॉरमधून फिरवत होतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तिचा प्रत्येक हसरा आवाज ऐकून मला ते टवटवीत दिसेलचं वाक्य आठवत होतं. पोर हसतेय आणि बाप घाबरतोय. असं कधी पाहिलंत?

तेवढ्यात फोन वाजला. बायको. टेकडीवर चढली होती. वारा ऐकू येत होता. म्हणाली, ‘सकाळी तुझा मेसेज बघितला. ताप कसा आहे? औषध दिलं का?’

साधा प्रश्न होता. आणि तुम्हाला खरं सांगतो, मला राग आला. असा राग आला की मी म्हणणार होतो, म्हणजे? मला एवढंही कळत नाही? माझ्यावर विश्वास नाही? तोंडात आलं होतं. मग बाकावर बसलेल्या दोघी दिसल्या आणि गिळलं. सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, ‘मी निघते.’ आणखी काही म्हणाली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

परत आलो तर बाकावर आई रडत होती. आवाज न करता, खांदे हलत होते. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, दोघींमध्ये एरवी एक पर्स ठेवण्याएवढं अंतर असतं, ते नव्हतं. सासूबाई म्हणत होत्या, ‘तुम्ही एकट्या नाही दिलंत. मीही दिलं.’ आई म्हणाली, ‘तुमचं सर्दीचं होतं. माझ्यासारखं...’ ‘आत तेच होतं म्हणाले ना ते. मीही लपवूनच दिलं. तुम्हाला कळू नये म्हणून.’ आई म्हणाली, ‘मीही तुम्हाला कळू नये म्हणूनच.’ आणि दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. मी खुर्ची घेऊन तसाच मागे फिरलो. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या एकमेकींशी खरं बोलत होत्या, मी मधे कशाला जाऊ?

संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, ‘धोक्याच्या रेषेच्या खाली आहे. उतारा द्यावा लागणार नाही. आजची रात्र इथे राहू द्या, सकाळी पुन्हा एकदा तपासते आणि सोडते.’ मी खाली बसलो. खुर्ची होती का ते न बघता बसलो. होती.

सकाळी सोडताना बाईंनी आम्हा तिघांना समोर उभं केलं, मी त्या दोघींना केलं होतं तसंच. म्हणाल्या, ‘औषध चांगलं आहे. नीट दिलं तर अगदी सुरक्षित आहे. पण घरात औषध देणारा माणूस एकच ठेवा. सगळी औषधं वर, कुलपात. दुसऱ्या मुलाचं याला नाही. सर्दीचं म्हणून काहीही नाही. आणि पोरीसमोर औषधाला गोड सरबत म्हणू नका. उद्या ती स्वतः शोधून पिईल.’ मग चष्म्याच्या वरून पाहत म्हणाल्या, ‘देणारा एक कोण?’

दोघी विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. पहिल्यांदाच एकमत. ‘हाच,’ आई म्हणाली. ‘हेच,’ सासूबाई म्हणाल्या. मला वाटलं, चला, मान मिळाला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, ‘तसं यानेच सकाळी नीट समजावून सांगितलं असतं तर...’ सासूबाई म्हणाल्या, ‘मीही तेच म्हणणार होते. घाईघाईत सांगितलं.’ ‘लहानपणापासून तसाच आहे.’ ‘हो का? मला लग्नानंतर कळलं.’ आणि दोघी हसत हसत पुढे, भिंगरीचे दोन हात दोघींच्या हातात, ती मधे लोंबकळत. मागे मी, हातात औषधांची पिशवी आणि कुलूप विकत घ्यायचं राहिलंय याची काळजी.

दुपारी बायको पोहोचली. पायात चिखलाचे बूट, तशीच पोरीला छातीशी धरून किती वेळ उभी. पोर म्हणे, ‘आई, मला चाकाच्या खुर्चीतून फिरवलं, तुला नाही.’ ताप आपोआप उतरला होता. मग बायको माझ्याकडे वळली, मला वाटलं आता बोलणार, तर ती आईला आणि सासूबाईंना म्हणाली, ‘तुम्ही दोघी दमला असाल.’ तिघी स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा झाला. पहिल्यांदा. माझ्याशिवाय.

मी पलंगावर पडलो. कालपासूनचं सगळं आता कपाळात येऊन बसलं होतं, असं ठणकत होतं की डोळे उघडवत नव्हते. औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात. पण उठायचं कोणी?

तेवढ्यात तिघी आत आल्या. चेहरे काळजीचे. एकीने कपाळाला हात लावला, दुसरीने मानेला, तिसरी थर्मामीटर झटकत उभी. आईच्या मुठीत एक गोळी, सासूबाईंच्या पर्समधून दुसरी बाहेर निघालेली, आणि बायकोच्या बॅगेत तिची स्वतःची होतीच. तिघी एकदम म्हणाल्या, ‘गोळी घेतली का?’

तुम्हीच सांगा, काय म्हणणार? नाही म्हटलं तर तीन गोळ्या. म्हणून मी डोळे मिटून म्हणालो, ‘हो. घेतली.’

मग तिघी एकमेकींकडे वळल्या आणि आई म्हणाली, ‘कोणी दिली?’

मी उशी डोक्यावर घेतली. अजून ठणकतंय.